यादीतलं सातवं नाव

तेवीस दिवस झाले तरी चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. दुसऱ्यांचे डोळे तपासता तपासता यांचे स्वतःचे आटले, असं शेजारचा घड्याळवाला बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. चष्मेवाल्यांना त्याचंही काही वाटलं नाही. बायको गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपलाच असून आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

दुकान त्यांनी पाचव्या दिवशीच उघडलं. लोक हळहळायला यायचे, दोन मिनिटं मान खाली घालून बसायचे आणि जाता जाता चष्म्याच्या सैल झालेल्या काड्या घट्ट करून घ्यायचे. चष्मेवाले बारीक पेचकस घेऊन स्क्रू पिळून द्यायचे. हात नेहमीसारखे चालत, एकही काच तडकली नाही. मुलगी दहा दिवस राहिली, आईच्या साड्या पोटाशी धरून रडली आणि निघताना बापावरच चिडली. "बाबा, तुम्ही दगड आहात का हो?" म्हणाली. चष्मेवाल्यांनी खरोखरच विचार केला आणि "असेन बुवा" म्हणाले. मुलगी आणखी रडली.

आता यादीचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते यादीपायीच.

चष्मेवाले चर्चच्या ज्या मंडळीत जात, तिथे आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची एक पद्धत होती. उपदेश झाला की चष्मेवाले पुढे येऊन उभे राहत आणि आजाऱ्यांची नावं वाचत. एक नाव वाचायचं आणि एक श्वास थांबायचं, की बाकांवरून सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "प्रभू, आमचं ऐक." मग पुढचं नाव. यात अवघड ते काय, असं कोणालाही वाटेल. पण सहा वर्षांपूर्वी हे काम त्यांच्याकडे आलं तेव्हा मंडळीचं उत्तर म्हणजे नुसता गलका होता. कोणी पुढे पळे, कोणी मागे रेंगाळे, तिसऱ्या बाकावरचे निवृत्त ड्रायव्हर तर नाव पुरतं होण्याआधीच मोकळे होत. चष्मेवाले हात धुऊन मागे लागले. उपासनेनंतर लोकांना थांबवून सराव घेतला, चिडले, दोघा-तिघांशी वाकडंही घेतलं. पण वर्षभरात मंडळीला असं वळण लागलं की नाव वाचून झालं आणि एक श्वास गेला की साठ-सत्तर माणसं एका तोंडाने बोलत. विचार करायला कोणी थांबत नसे. आजारी माणूस आवडता असो की डोक्यात जाणारा असो, नाव वाचलं गेलं की उत्तर यायचंच.

शेवटच्या चौदा महिन्यांत त्या यादीत त्यांच्या बायकोचंही नाव होतं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. यादीत ती सातवी. नवऱ्याने वशिला लावला असं कोणी म्हणू नये म्हणून चष्मेवाल्यांनी तिला मुद्दाम वर घेतलं नव्हतं. यावरून तिने त्यांची भरपूर थट्टा केली होती. "माझा नंबर येईपर्यंत देव दमलेला असतो हो," म्हणायची.

ती गेल्यावरचे तीन रविवार पाळकसाहेबांनीच नावं वाचली. चष्मेवाले बाकावर बसून राहिले. गीताला उभे राहिले, सगळे बसल्यावर बसले. ओठ हलत होते, पण आत काही पोचत नव्हतं. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हीच वाचा. जरा मन रमेल."

चष्मेवाले हो म्हणाले. मन रमायचं राहू दे, मनच जागेवर नव्हतं. पण त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. एकदा वाचायचं आणि त्याच दिवशी यादी पाळकसाहेबांच्या हातात द्यायची. आत खडखडाट असताना पुढे उभं राहून देवाचं नाव घ्यायचं ही शुद्ध लबाडी आहे, आणि लबाडी त्यांना धंद्यातही खपत नसे. यादी दिली की रविवारचं येणंही बंद. कोणाला सांगायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं यायचं थांबायचं.

शनिवारी दुकान बंद करायच्या आधी त्यांनी यादी लिहायला घेतली. त्यांची रीत अशी की जुना कागद समोर ठेवायचा, बरे झालेले गाळायचे, नवे घालायचे आणि स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचं. बेकरीवाल्यांची सून बाळंत होऊन घरी आली होती, ती गाळली. पोस्टमनच्या बाळाला कावीळ झाली होती, ते वाढवलं. अक्षर सुरेख आलं. कागदाची घडी त्यांनी खिशात ठेवली, शटर ओढलं आणि घरी जाऊन जेवले. काय जेवले ते दुसऱ्या दिवशी त्यांना सांगता आलं नसतं.

रविवारी उपदेश संपला. चष्मेवाले उठून पुढे गेले, घसा साफ केला आणि वाचायला लागले. ड्रायव्हरांच्या बायकोचं नाव, खुब्याचं हाड. प्रभू, आमचं ऐक. पोस्टमनचं बाळ. प्रभू, आमचं ऐक. तिसरं, चौथं, पाचवं. उत्तरं अशी ठोक्यावर येत होती की यंत्राने लाजावं. आणि पुढे उभा असलेला माणूसही यंत्रच होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. सहावं नाव झालं.

सातवं नाव त्यांनी वाचलं, आडनावासकट, स्पष्ट.

एक श्वास गेला. उत्तर आलं नाही.

आधी त्यांना वाटलं, माईक गेला. मग त्यांनी मान वर केली आणि बाकांवरचे चेहरे पाहिले. सत्तर माणसं डोळे फाडून त्यांच्याकडे बघत होती. यांतल्या बहुतेकांनी तेवीस दिवसांपूर्वी कबरीवर मूठ मूठ माती टाकली होती. गीतांना साथ करणाऱ्या पेटीवाल्या बाईंचा हात तोंडावर गेला होता. चष्मेवाल्यांनी कागद पाहिला. तिचंच नाव, त्यांच्याच अक्षरात, वेलांटीसुद्धा चुकलेली नाही. चूक झाली म्हणावं, पुढे जावं, एवढं त्यांना कळत होतं. पण तोंड उघडेना.

तेवढ्यात डावीकडून, खिडकीजवळच्या बाकावरून, एक चिरका आवाज आला.

"प्रभू, आमचं ऐक."

मग ड्रायव्हर बोलले. मग मागून कोणी दोघं-तिघं, मग पेटीवाल्या बाई, मग सगळेच, पुढे-मागे, अडखळत. सहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं. तो पुन्हा पहिल्यासारखा गलका होता. सगळ्यांत शेवटी पाळकसाहेबांचा आवाज आला, जरासा नाइलाजाचा. चष्मेवाल्यांनी आठवं आणि नववं नाव वाचलं, कागदाची घडी घातली आणि ते जाग्यावर येऊन बसले. आत अजूनही काही हललं नव्हतं.

तो चिरका आवाज मात्र त्यांनी ओळखला होता, आणि तो भलत्याच माणसाचा होता.

काजवाल्या मावशी. वय ऐंशीच्या घरात. शिंप्यांकडून कपडे आणून घरी काजं करायच्या, अजूनही करत. त्यांचे मालक रेडिओ दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा पुढच्याच रविवारी मावशी चष्मेवाल्यांकडे आल्या होत्या. "ह्यांचं नाव यादीत राहू द्या," म्हणाल्या होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांना नियम समजावला होता. आपल्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, ते प्रभूपाशी पोचले, आता मागायचं काय उरलं, यादी आजाऱ्यांची आहे. सगळं बरोबर सांगितलं होतं. पाळकसाहेबांनीही मान डोलावली होती. मावशींनी हुज्जत घातली नाही. त्या दिवसापासून चष्मेवाल्यांशी बोलणं मात्र टाकलं. चष्मा बदलायलासुद्धा दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात जात, तोही धड बसत नव्हता, हे चष्मेवाल्यांना लांबूनच दिसायचं.

उपासना सुटली. पाळकसाहेब दाराशी उभे राहून एकेकाचा हात हातात घेत होते. चष्मेवाले बाकावरच बसून राहिले. नंतर दोन शब्द बोलायचेत, एवढं त्यांनी सकाळीच पाळकसाहेबांना सांगून ठेवलं होतं. गर्दी पांगली की कागद द्यायचा आणि सुटायचं. जाणारे लोक त्यांच्या खांद्याला नुसता हात लावून जात होते. चुकीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पेटीवाल्या बाई मागे गीतांची पुस्तकं गोळा करत होत्या.

काजवाल्या मावशी काठी टेकत आल्या आणि त्यांच्या शेजारी धपकन बसल्या.

"तुमच्या हिचं नाव वाचलंत," म्हणाल्या.

"चुकून वाचलं, मावशी. जुन्या कागदावरून उतरवून काढलं, लक्षातच आलं नाही."

"ते दिसलंच. तुमचं तोंड असं झालं होतं, की मलाच वाटलं आता हा माणूस पडतोय."

चष्मेवाल्यांनी कागद खिशात सारला.

"माझ्या वेळी नियम होता," मावशी म्हणाल्या. "तुमच्या वेळी चूक होते. बरं जमतं हो तुम्हाला."

हे बोलणं लागायला हवं होतं. चष्मेवाल्यांनी ते लागण्याची वाट पाहिली, पण काही लागलं नाही. म्हणून त्यांनी जे खरं ते सांगून टाकलं. "मावशी, मला कशाचंच काही वाटत नाहीये. तिचं नाव वाचलं तेव्हाही नाही वाटलं. मी आज हे काम सोडतोय. आत काही नसलेल्या माणसाने तिथे उभं राहू नये."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

"अहो, मला दोन वर्षं तुमचा राग येत होता," मावशी म्हणाल्या. "दर रविवारी. तुम्ही नाव वाचायचात आणि मी मनात तुम्हाला शिव्या घालत उत्तर द्यायचे. माझ्या आत तरी काय मोठा उजेड पडला होता?"

चष्मेवाल्यांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. चष्मा नाकावर तिरका बसला होता.

"मग आज उत्तर का दिलंत? सगळ्यांत आधी?"

मावशींना प्रश्नच कळला नसावा. "तुम्ही वाचलंत ना?" त्या म्हणाल्या. "वाचलं की म्हणायचं असतं. तुम्हीच नाही का शिकवलंत?"

मागे पुस्तकं एकावर एक ठेवल्याचा आवाज येत होता. मावशींनी काठी बाकाला टेकवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत आपल्या मालकांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि थांबल्या.

चष्मेवाल्यांना कळलं, की आता आपल्याला बोलायचं आहे. सहा वर्षं ते नावं वाचत आले होते. वाचणारा उत्तर देत नाही. तो श्वास मोजतो आणि पुढच्या नावावर जातो. ते वाक्य त्यांनी सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं, पण त्या सहा वर्षांत स्वतः एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"प्रभू, आमचं ऐक," ते म्हणाले. आवाज पुटपुटल्यासारखा निघाला.

"मोठ्यानं," मावशी म्हणाल्या. "आमच्या ह्यांना कमी ऐकू यायचं."

"प्रभू, आमचं ऐक."

या वेळी मागून आणखी एक आवाज आला. पेटीवाल्या बाई. कोणाचं नाव घेतलं हे त्यांना ऐकू आलं नव्हतं. हातात पुस्तकांचा गठ्ठा होता, मान खाली होती, आणि सवयीने, ठोक्यावर, त्या बोलून गेल्या होत्या.

"आता तुमचं," मावशी म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी खिशातला कागद काढला नाही. त्याची गरज नव्हती. अडतीस वर्षं ते नाव त्यांनी रोज घेतलं होतं, चष्मा सापडत नसला की, भाजी खारट झाली की, दार उघडायला उशीर झाला की. त्यांनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर निघालं, दुसरं घशात अडकलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पहिलंच अक्षर आलं, आणि त्याच्या मागोमाग कुठून तरी फार खालून असा आवाज आला, की तो आपलाच आहे हे त्यांना आधी उमगलं नाही. मग चेहरा ओला झाला, आणि उमगलं.

नाव अर्धंच राहिलं. दोघी ते पुरं व्हायला थांबल्या नाहीत.

"प्रभू, आमचं ऐक."

दाराशी उभे असलेले पाळकसाहेब आत आले. चष्मेवाले दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके देत होते. त्यांचं रडणं बघवत नव्हतं, इतकं ते बेढब होतं. पाळकसाहेब घुटमळले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं ना?"

चष्मेवाल्यांनी तोंडावरचे हात न काढताच नाही म्हणून मान हलवली.

"त्यांना नाही, मला बोलायचंय," मावशी म्हणाल्या आणि काठी उचलून उभ्या राहिल्या. "पुढच्या रविवारी आमच्या ह्यांचं नाव आधी वाचायला सांगा. दोन वर्षं थांबलेत ते."