उलटी चढणारी हिरवी मिनीव्हॅन

मी एक जुनी मिनीव्हॅन आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मी दमले आहे. सतरा हिवाळे झाले. रस्त्यावर टाकतात त्या मिठाने मला खालून खाल्लंय, उन्हाने वरून. माझा मूळ रंग हिरवा. आता दारांपाशी हिरवा, चाकांपाशी तांबडा आणि जिथे हरीण आदळलं होतं तिथे पांढरा. जुन्या गाड्यांच्या आवारात पांढराच पत्रा मिळाला आणि माझा मालक रेइनो म्हणाला, "चालतंय की, गाडीला काय लग्नाला जायचंय?" त्यानंतर तीन लग्नं झाली आणि तिन्हींना मीच गेले.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. मला रंग देणारा माणूस बनियनवर होता. मला वाटलं, जग असंच उबदार असतं. मग मला ट्रेलरवर चढवून अमेरिकेच्या उत्तर टोकाला, वरच्या मिशिगनमध्ये आणलं. ऑक्टोबर महिना होता. उतरल्या उतरल्या माझ्या काचेवर काहीतरी पांढरं पडलं. मी म्हटलं, कापूस असेल. तो कापूस मे महिन्यापर्यंत उठला नाही.

रेइनो काउप्पी लाकडाच्या गिरणीत कामाला. त्याची बायको ताइमी शाळेच्या स्वयंपाकघरात. तीन पोरं, तिन्ही बर्फावरची हॉकी खेळणारी. मित्रांनो, तुम्हाला हॉकीच्या पिशवीचा वास माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात. मी तो वास अकरा वर्षं पोटात बाळगला. शिवाय कापलेलं हरीण, सौनाचे, म्हणजे वाफेच्या न्हाणीचे, दगड, आणि एकदा तर शेजाऱ्याची अख्खी शेगडी वाहिली, तीही अजून गरम. तेव्हा सगळे म्हणायचे, "काय गाडी आहे! चालती खोली आहे नुसती!" कौतुकाचे दिवस होते ते.

माझ्यातही खोड्या होत्या, लपवत नाही. माझी बाजूची सरकती दारं थंडीत गोठायची. एकदा रेइनोने त्यावर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. दार उघडलं, पोरं आत बसली, दार लागलं आणि तेच पाणी फटीत गोठून दगड झालं. तिन्ही पोरं शाळेच्या दारात माझ्या मागच्या झडपेतून एकामागून एक बाहेर पडली. हेडमास्तर ताइमीला म्हणाले, "बाई, कोंबड्या आणल्यात का?"

आणि ती विजेची वायर! आमच्याकडे रात्रभर गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून नाकातून वायर काढून भिंतीतल्या प्लगला लावतात. सकाळी ती काढायची असते. रेइनोने दोनदा काढली नाही. पहिल्यांदा वायर गेली. दुसऱ्यांदा वायर राहिली, प्लग माझ्यामागे गिरणीपर्यंत फरपटत आला, फळीसकट.

पण माझं आयुष्य नासवलं ते गोण्यांनी.

रेइनोचे वडील उर्हो यांच्याकडे जुना पिकअप ट्रक होता. हरणांची शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते ट्रकच्या मागच्या हौद्यात वाळूच्या चार गोण्या टाकायचे. गावात सगळेच टाकायचे. वजन बसलं की बर्फावर चाकं धरतात. उर्हो गेले, ट्रक गेला, गोण्या राहिल्या. दर नोव्हेंबरात रेइनो त्या खांद्यावरून आणून माझ्या अगदी मागच्या टोकाला रचायचा, वरच्या गोणीवर वडिलांसारखी थाप मारायचा आणि म्हणायचा, "आता बघ कशी चढते!"

मित्रांनो, मी चढायची नाही. उर्होंच्या ट्रकला मागची चाकं ढकलायची. मला पुढची चाकं ओढतात. मागे गोण्या टाकल्या की माझं नाक वर उचललं जातं आणि पुढची चाकं बर्फावर नुसती नाचतात. हे मला पहिल्या दिवशी कळलं. पण मला तोंड नाही, नुसता हॉर्न आहे.

घरापासून चार मैलांवर रेइनोच्या मावशीची, सेल्माची टेकडी. तिथे मी अडकले, की रेइनो खाली उतरायचा, माझ्या चाकावर लाथ मारायचा आणि पुढच्या आठवड्यात पाचवी गोणी आणायचा. सहावीही आणली. मला गावात नाव पडलं, टेकडी न चढणारी. शेवटी ताइमीने शोध लावला, की मी टेकडी उलटी चढते. तेव्हा पुढची चाकं उताराच्या बाजूला येतात, भार त्यांच्यावर पडतो. तिला कारण माहीत नव्हतं, पण वर पोचत होतो. पाच हिवाळे आम्ही टेकडी पाठमोऱ्या चढलो. लोक खिडकीत येऊन बघायचे.

आता आइलीबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. आइली म्हणजे रेइनोची आई. वय त्र्याऐंशी, खुब्याचं हाड बदललेलं, जीभ मूळचीच. दर शनिवारी तिला टेकडीवर तिच्या धाकट्या बहिणीकडे, सेल्माकडे, सौनाला जायचं असायचं. आधी सौना, मग कॉफी, मग वेलदोड्याचा निसू पाव आणि मग गावातल्या सगळ्यांची उणीदुणी. तो एक दिवस ती उरलेले सहा दिवस पुरवून वापरायची.

माझी बैठक तिच्या बरोबर कमरेच्या उंचीला. ती पाठ माझ्याकडे करायची, बसायची, मग दोन्ही पाय आत फिरवायची. कोणी हात पुढे केला की फटकारायची. "माझं ढुंगण मी स्वतः ठेवते तोवर मी माणूस. दुसऱ्याने उचलून ठेवलं की मी गोणी!"

मागच्या वर्षी माझ्या एका दाराची खिट्टी तुटली आणि घरात नवीन गाडीचा विषय निघाला. रेइनो आपल्या तपकिरी आरामखुर्चीत बसून निकाल द्यायचा. त्याचे सगळे निकाल त्याच खुर्चीतून निघत.

"एसयूव्ही," तो म्हणाला. "उंच. चारही चाकं ओढतात. हिवाळा आपल्याला घाबरेल."

"पोरं गेली, आता एवढं धूड कशाला?" ताइमी म्हणाली. "साधी कार घेऊ. तेल कमी पिते."

"कारचं पोट बर्फाला घासतं."

"तुझंही घासतं. तुला टाकलं का आम्ही?"

आइली कॉफीत निसू बुडवत म्हणाली, "मला काय ते विचारू नका. मी फक्त बसून बघणार."

तिघं शहरातल्या दुकानात गेली. मीच नेलं त्यांना, म्हणजे माझी बदली शोधायला माझ्याच खांद्यावरून. आवारात उभी राहून मी काचेतून सगळं बघितलं. आइली आधी कारमध्ये बसली. बसली म्हणजे विहिरीत पडावी तशी आत गेली. बाहेर काढायला दोन विक्रेते आणि एक गिऱ्हाईक लागलं. मग ती नव्या मिनीव्हॅनमध्ये बसली, एका दमात, पाय फिरवून. चेहरा खुलला तिचा. पण रेइनो म्हणाला, "मिनीव्हॅन टेकडी चढत नाही. मला सोळा वर्षांचा अनुभव आहे." मग एसयूव्ही. आइलीने एक पाय वर टाकला आणि तशीच लटकली, कुंपण ओलांडताना अडकलेल्या गाईसारखी.

"स्टूल ठेवू की खाली," रेइनो म्हणाला.

ताइमीने विक्रेत्याला विचारलं, "हिवाळ्याचे टायर वेगळे घ्यावे लागतील ना?"

"गरज नाही मॅडम. चारही चाकं ओढतात हिची."

"ओढतात ते कळलं," आइली म्हणाली. "थांबवतं कोण?"

विक्रेता हसला. रेइनोने एसयूव्हीच घेतली.

स्टूल बारा दिवस टिकलं. चर्चच्या आवारात आइली चढली, रेइनोने दार लावलं, स्टूल खालीच राहिलं, मागून बर्फ लोटणारं यंत्र आलं आणि स्टूल थेट पाद्रीबाबांच्या छपरावर. पुढच्या रविवारी सगळ्या गावासमोर रेइनोने आईला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवलं. घरी आल्यावर तिने कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, "झालं माझं बाहेर जाणं."

तीन शनिवार ती गेली नाही. सेल्मा फोन करायची, आइली म्हणायची, "पाय दुखतो." पाय दुखत नव्हता. नवीन स्टूल आणलं, तिने त्यावर कुंडी ठेवली.

आणि माझं काय? आमच्या गावचं अग्निशमन दल दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर एक म्हातारी गाडी ठेवतं. इंजिन, तेल, सगळं काढून, साखळी बांधून. वसंतात बर्फ वितळला की ती कधी बुडेल, कोणता दिवस, किती वाजता, यावर लोक चिठ्ठ्या घेतात. रेइनोने मला देऊन टाकलं. दलाचा प्रमुख अर्विड येऊन माझा फोटो काढून गेला. फोटो चिठ्ठ्यांवर छापला. सोमवारी इंजिन काढायचं ठरलं. सहाही गोण्या एसयूव्हीच्या मागे गेल्या.

मित्रांनो, मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. पण मी इतकी दमले होते, की तळ्याचा तळ मला गादीसारखा वाटायला लागला होता. साखळीने परत ओढून काढतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्याआधीच्या शनिवारी सकाळपासून बर्फ पडत होता. रेइनो म्हणाला, "आई जात नाही ना, मग मी मावशीलाच खाली घेऊन येतो. बघाच आता." एसयूव्ही टेकडी झोकात चढली. हे मान्य केलं पाहिजे. सेल्माबाई मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर निसू. उतरताना रेइनोने ब्रेक दाबला. मागे सहा गोण्या, खाली साधे टायर. गाडीने ब्रेक ऐकला आणि तरी चालत राहिली. पहिल्या वळणाला रस्ता वळला, रेइनो वळला नाही. चारीमधल्या बर्फात गाडी अशी शिरली, की वर फक्त एरियलला बांधलेलं केशरी फडकं दिसत होतं.

फोन ताइमीने उचलला. मग ती म्हणाली, "आई, दोघं चारीत आहेत. लागलं नाही कुणाला. पण गाडीचं नाक पुरलंय, हीटर बंद पडलाय. सेल्मामावशींचं अंग अजून सौनाने ओलं आहे. अर्विडची माणसं दुसऱ्या अपघातावर गेलीत, दीड तास लागेल म्हणे."

"मग?"

"मग हिरवी आहे ना. पण टेकडीचं काय होईल कोण जाणे."

आइलीने खुंटीवरचा कोट काढला. स्वतः आली, पाठ केली, बसली, पाय फिरवले. तीन आठवड्यांनी. "चल," म्हणाली.

टेकडीच्या पायथ्याशी ताइमीने सवयीने मला उलटं वळवायला घेतलं.

"थांब," आइली म्हणाली. "पाच वर्षं मागे बघून माझी मान आखडली. आज सरळ जाऊ दे. अडकली तर अडकली, सोमवारी मरणारच आहे."

ताइमीने हळूच पाय दाबला. माझ्या पुढच्या चाकांवर हिवाळ्याचे टायर होते, ताइमी दर नोव्हेंबरात न विसरता घालायची. आणि पाठीवर काही नव्हतं. बर्फात पहिल्यांदाच काही नव्हतं. माझं नाक खाली बसलं, चाकांनी जमीन धरली, आणि मी चढले. हळू, म्हातारीसारखी, पण सरळ.

ताइमी म्हणाली, "ही... चढतेय."

आइली मागे वळून रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "गोण्या! अगं, गोण्या नाहीत! उर्होचा ट्रक मागून ढकलायचा. ही पुढून ओढते. या गाढवाने सोळा वर्षं हिच्या शेपटीवर वाळू बांधली!"

वळणावर रेइनो बर्फात गुडघ्यापर्यंत उभा होता. सेल्माबाई त्याच्या कोटात, ओठ निळे, पण निसू तसाच. ताइमीने त्यांना पुढे हीटरपाशी बसवलं. रेइनो माझ्याकडे बघत राहिला, माझं तोंड वर माथ्याकडे होतं.

"सरळ आलात?" तो म्हणाला.

"सरळ."

"पण आबा तर दर वर्षी..."

"तुझे आबा ट्रकच्या हौद्यात टाकायचे," आइली म्हणाली. "माझ्या डोक्यामागे नाही. बस आत. की उचलून ठेवू?"

सोमवारी अर्विड इंजिन काढायला आला. आइली दारात उभी होती. "ही मिळणार नाही," म्हणाली.

"आइलीबाई, चिठ्ठ्या विकल्यात. फोटो छापलाय. तळ्यावर काहीतरी ठेवावं लागेल."

आइलीने आत बोट दाखवलं. अर्ध्या तासात रेइनोची तपकिरी आरामखुर्ची तळ्यावर होती, साखळी बांधून, आणि तिच्यावर चारीतून ओढून काढलेल्या एसयूव्हीतल्या सहा गोण्या. रेइनो काठावर टोपी काढून उभा होता. सोळा एप्रिलला दुपारी ती बुडाली. बुडवण्याच्या कामाला गोण्या फार उपयोगी पडल्या.

तर मित्रांनो, मला विश्रांती मिळाली नाही. तुम्ही गाडी घ्याल तेव्हा कार घ्या, व्हॅन घ्या, उंच गाडी घ्या, मला हरकत नाही. फक्त तिच्या चाकांना हिवाळ्याचं रबर घाला, आणि जिला तिच्यात रोज चढायचंय तिला आधी बसवून बघा. आणि गाडी चढत नसेल तर लाथ मारण्याआधी तिच्या पाठीवर तुम्ही काय ठेवलंय ते एकदा उतरवून बघा.

या नोव्हेंबरात, शिकारीच्या आदल्या दिवशी, रेइनो खांद्यावर नवी कोरी गोणी घेऊन आला. सवय. माझी मागची झडप उघडली आणि थबकला. स्वयंपाकघराच्या काचेवर टकटक झालं. आत आइली कपाने काच वाजवत होती. रेइनोने गोणी खाली ठेवली, चाकूने फाडली आणि घराच्या पायरीपासून माझ्या दारापर्यंत गोठलेल्या वाटेवर सगळी वाळू पसरली.

शनिवारी आइली त्या वाळूवरून एकटी चालत आली. पाठ केली, बसली, पाय फिरवले.

"चल," म्हणाली.

दमलेय मी. पण चालते.