तळाची चिठ्ठी

मी एक जुनी तार आहे. विजेची नाही की कुंपणाची नाही, चिठ्ठ्या खोचायची. गोल लाकडी बैठक, तिच्या मधोमध वीतभर उंचीची पोलादी सळई आणि वर सुईसारखे टोक, एवढेच माझे रूप. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल.

माझी बैठक एका कारखान्यात लेथवर कातली गेली. टोक घासणाऱ्या कारागिराने ते अंगठ्यावर टेकवून पाहिले, "स्स" केले आणि मला पास केले.

मला विकत घेतले एका कर सल्लागाराने. लोकांचे कागद तपासून त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाचे रिटर्न भरायचे, हे त्यांचे काम. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. निरोप आला की कारकूनबाई तो चिठ्ठीवर लिहीत, तारीख घालत आणि चिठ्ठी मला टोचत.

माझ्या रचनेत एक खोट आहे, ती लपवत नाही. माझ्यावर जी चिठ्ठी शेवटी येते, ती सर्वांत आधी निघते. आधी आलेली तळाशी जाते. मोठ्या साहेबांना हे ठाऊक होते. रोज संध्याकाळी ते सगळा गठ्ठा उपसून टेबलावर उलटा करत आणि पहिल्या चिठ्ठीपासून उत्तरे देऊ लागत. "बाई, वरची चिठ्ठी ओरडते. तळाची बिचारी वाट बघते," असे ते म्हणत. कार्यालय बंद होताना मी रिकामी असे. रिकामे असणे हीच माझी शाबासकी होती.

मोठे साहेब वारले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. धाकटे साहेब हुशार होते, मनाने वाईट मुळीच नव्हते. पण गठ्ठा उपसायची त्यांना सवय नव्हती. जाता-येता ते वरच्या दोन-तीन चिठ्ठ्या काढत. जो रोज फोन करून डोके खाई, त्याची चिठ्ठी रोज वर येई आणि त्याचे काम होई.

एके दिवशी चष्मेवाल्या ताईंचा फोन आला. चौकात त्यांचे छोटे दुकान होते, भिंगे त्या स्वतः घासत. त्यांची बहीण वारली होती आणि बहिणीची सहा वर्षांची मुलगी बालगृहात होती. भाचीला घरी आणायचे तर ताब्याच्या सुनावणीत कमाईचा पुरावा म्हणून तीन वर्षांची रिटर्न दाखवावी लागणार होती. दोन हातात होती. तिसऱ्याचे सगळे मूळ कागद धाकट्या साहेबांच्या कपाटात होते. चिठ्ठीवर बाईंनी लिहिले, 'भाचीच्या कामासाठी रिटर्न हवे. घाई नाही, पण विसरू नये.' रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेला तेव्हा अकरा दिवस उरले होते.

'घाई नाही' हे ताईंनी सभ्यपणाने सांगितले होते. तेवढ्यानेच ती चिठ्ठी बुडाली. दोन दिवसांत तिच्यावर चौदा चिठ्ठ्या चढल्या.

पाच आठवड्यांनी ताई स्वतः चौकशीला आल्या. त्या गेल्यावर कारकूनबाईंनी माझ्यावरचा गठ्ठा उपसला आणि धाकट्या साहेबांसमोर उलटा केला. सगळ्यांत वर ताईंची चिठ्ठी आली. साहेबांनी तारीख वाचली. रिटर्नची शेवटची तारीख केव्हाच उलटून गेली होती. दंड भरून ते रिटर्न अजूनही भरता आले असते. पण त्याआधी ताईंना एक वाक्य सांगावे लागले असते, 'माझी चूक झाली.' साहेबांनी चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली.

"उद्या बोलतो मी त्यांच्याशी," ते म्हणाले.

तो उद्या उजाडलाच नाही. ताईंचे फोन येत राहिले, चिठ्ठ्या माझ्यावर चढत राहिल्या. मग एका दुपारी ताई पुन्हा आल्या. खिडकीतून त्या दिसताच साहेब सही अर्धवट टाकून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतले.

"साहेब बाहेर गेलेत हो," बाई म्हणाल्या.

"असं? मग हा चष्मा कोणाचा?"

"विसरले असतील."

"मीच बनवलाय तो. हा नसला तर त्यांना जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत. चाचपडत गेले का?"

बाईंना हसू फुटले आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. ताई बंद दाराकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, मी भांडायला नाही आले. सोमवारी सुनावणी आहे. जमत नसेल तर जमत नाही म्हणा. माझे कागद द्या, मी दुसरीकडे जाते."

आत खुर्ची करकरली. दार उघडले नाही.

"कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात असते हो," बाई हळूच म्हणाल्या, "नाहीतर मीच दिले असते."

ताई तासभर थांबल्या आणि गेल्या.

सोमवार उलटला. गुरुवारी त्या आल्या तेव्हा साहेब उठून उभे राहिले. त्यांनी कागद पुढे केले. "भरलं ताई, सगळं भरलं. दंडही मीच दिला."

ताईंनी शेवटच्या पानापर्यंत नीट वाचले. मग म्हणाल्या, "तिला काकांकडे पाठवलं. तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. दोन दिवसांचा प्रवास आहे."

"पुन्हा अर्ज करता येईल ना?"

"येईल. दोन वर्षांनी."

"मला कळेना, तुम्हाला कसं सांगावं..."

"ती रोज विचारायची, मावशी, कधी नेणार? मी म्हणायचे, साहेबांचा फोन आला की लगेच. रोज हेच सांगितलं मी तिला."

ताईंनी कागद पिशवीत घातले आणि त्या जिना उतरून गेल्या.

मित्रांनो, धरून ठेवणे हे माझे काम आहे. मी पोलादाची आहे, मला दुसरे काही जमत नाही. तुम्हाला जमते. कोणी काही विचारले तर त्याला टांगून ठेवू नका. होत असेल तर हो म्हणा, होत नसेल तर नाही म्हणा, चुकले असेल तर चुकले म्हणा, आणि त्याच दिवशी म्हणा. कारण तुम्ही गप्प बसता तेव्हा दूर कुठेतरी एखादे मूल कोणाला तरी विचारत असते, कधी नेणार? आणि त्या माणसाकडे सांगायला काही नसते.