मऊ हातांचे दिवस
इस्त्रीचा तळहाताला चटका बसला आणि मी आनंदाने ओरडले. पलीकडच्या मशीनवरची शिंपीण म्हणाली, "वेडी का खुळी? पाण्याखाली धर आधी!"

तिला काय कळणार! बाबांकडून मला नाक आलं, तापट डोकं आलं आणि हा आजारही आला. तळहातांची कातडी जाड, पिवळट, खरखरीत होत जाते. रेशमी कापडाचे धागे तिला अडकून ओढले जायचे, म्हणून माझ्या वाट्याला कायम जाडेभरडे पडदे. इस्त्री तापली का, हे मात्र मीच बघायचे. तळहात टेकवला की झालं. सगळ्या दुकानाला त्याचं कौतुक. असलं कौतुक घाला चुलीत!

मग त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी रेटिनॉइडचं मलम दिलं. आग आग व्हायची, पण थर झडत गेला आणि खालून गुलाबी कातडी निघाली. जित्याची खोड मात्र जात नाही. आज हात टेकवलाच, आणि आयुष्यात पहिल्यांदा चटका कळला!

फोड दाखवायला आम्ही दोघं गेलो, तर बाईंनी विचारलं, "मुलाचा विचार आहे का?"

"कधीपासून!" नवरा माझ्याआधी बोलला.

"मग आधी हे मलम बंद. पोटातल्या बाळाला धोका नको. अंगावर पितंय तोवरही नकोच."

"आणि माझे हात?"

"पुन्हा जाड होतील. बाळालाही असे येऊ शकतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. बाबांच्या तसल्याच हातांनी मी वाढले."

घरी आल्यावर नवरा हळूच म्हणाला, "मूल नसलं तरी चालेल गं मला."

"तुला चालेल. मला नाही चालत!" मला बाळ हवं होतं, आणि त्याला कुरवाळायला हेच हात हवे होते. दोन्हींतलं एकच मिळणार होतं. रडून घेतलं आणि मलम कचऱ्याच्या डब्यात फेकलं.

फोड बरा झाला तेव्हा तळव्याच्या कडा राठ लागायला लागल्या होत्या. मी तडक धाकट्या बहिणीकडे गेले. ती नुकतीच बाळंत झालेली.

"दे गं त्याला जरा."

"तायडे, कालच तर तासभर घेऊन बसली होतीस!"

"दे म्हटलं ना."

तिने दिलं. त्याची टाच, मान, कानामागची ओलसर घडी, सगळीकडून मी सावकाश हात फिरवला. बहीण म्हणाली, "फारच लळा लागलाय बाई तुला माझ्या लेकाचा."

मी पुन्हा त्याच्या टाचेवरून तळहात फिरवला. माझं बाळ येईल तेव्हा हे सगळं मला आठवायला हवं होतं.