पाचव्या पानावरचा टचडाउन

डिसेंबर अर्धा सरला की अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचे ‘बाउल’ नावाचे मोठे सामने सुरू होतात. साखरेचा बाउल, कापसाचा बाउल, गुलाबाचा बाउल. माझ्या सासूबाई, गिरजाबाई, तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आल्या होत्या. ऑरेंज बाउल फ्लोरिडात होतो हे कळल्यावर त्या दोन दिवस घुश्शात होत्या.

“संत्र्याचा हाय न, मग नागपूरले काहून नाही?”

सत्त्याण्णव साल संपत आलं होतं. मिशिगनची टीम रोझ बाउलला पोचली होती आणि सामना होता एक जानेवारीला. एक जानेवारी म्हणजे आमचा शौर्यदिन. इथल्या आमच्या बौद्ध मंडळाची सहा कुटुंबं दर वर्षी कुणाच्या तरी घरी जमतात. वंदना, भाषण, जेवण. यंदा घर आमचं आणि भाषण सासूबाईंचं. चाळीस वर्षं त्यांनी कार्यक्रमांच्या सतरंज्या अंथरल्या, पण बोलायला कधी कुणी उभं केलं नव्हतं. त्यांनी नऊ पानं लिहिली. तीन आठवडे फ्रिजसमोर सराव चालला होता. दूध काढायचं तर मला ‘बंधुभगिनींनो’ संपेपर्यंत थांबावं लागे.

सामना संध्याकाळी पाचला. म्हणून मी निमंत्रणात बारा लिहिलं. आपली माणसं दोन तास उशिरा येतात. दोनला येतील, चारपर्यंत भाषण होईल. सगळे साडेचारला उगवले.

“वहिनी, चारला बोलवायचं असलं की तुम्ही दर वेळी दोन लिहिता,” मंडळाचे अध्यक्ष ईश्वरभाऊ बूट काढत म्हणाले. “बारा पाहिलं आणि म्हटलं, या वेळी वहिनींनी मार्जिन जरा जास्तच ठेवलंय.”

बेसमेंटमध्ये वंदना झाली. पाच वाजले. पुरुषांच्या माना टीव्हीकडे वळल्या. माझा नवरा राकेश मध्ये पडला.

“आई, तू हाफटाइमला बोल. वीस मिनिटं मिळतात.”

“नऊ पानं हायेत.”

“मग भरभर वाच.”

“तुह्या लग्नात मी भरभर वाढलं होतं का?”

पण त्या तयार झाल्या. हाफटाइमला टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्या नेमक्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, कारण दिव्याचा उजेड तिथंच पडत होता. तिसऱ्या पानावर हाफटाइम संपला. त्यांना थांबवायची कुणाची छाती होईना. आधी ईश्वरभाऊ डावीकडे कलले, मग अख्खी रांग कलली. पान उलटताना सासूबाई जरा सरकल्या, तर रांग उजवीकडे. भाषणाला एवढे डोलणारे श्रोते मी पहिल्यांदाच पाहिले.

“डॅड, दॅट्स सो रूड,” आमची जागृती म्हणाली आणि जमिनीवर आडवी होऊन आजीच्या पायांमधून सामना बघू लागली.

पाचव्या पानावर सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा जयस्तंभाला निघाल्या होत्या आणि ट्रकमधून भाकरीच्या गाठोड्यासकट खाली पडल्या. नेमका तेव्हाच टीव्हीवर मिशिगनला सहा गुण देणारा टचडाउन झाला. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

“एवढं आवडलं? पुन्हा वाचू का?”

“वाचा, वाचा,” ईश्वरभाऊ खाली मान घालून म्हणाले. त्या पुन्हा पडल्या.

आठव्या पानावर सामन्याची शेवटची मिनिटं आली. ईश्वरभाऊंना राहवेना.

“आई, जरा...”

मी डोळे वटारले. सासूबाईंनी कागदावरून मान वर केली नाही.

“डावीकडं सरकू का उजवीकडं?”

कललेली रांग एकदम सरळ झाली.

“मले काय समजत नाही का? राकेशचे बाबा भाषण करायचे तवा माझंबी ध्यान चुलीवरच्या पातेल्यातच राहे.”

त्यांनी पानांची घडी केली आणि सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. तीन आठवड्यांचा सराव, आणि ती घडी त्यांनी मांडीखाली सारली. मिशिगन जिंकलं. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, पण जरा चोरट्यासारख्या. मी वर जाऊन रस्सा गरम करायला ठेवला. परत आले तर ईश्वरभाऊ सासूबाईंसमोर उकिडवे बसले होते.

“आई, ट्रक मग थांबला का?”

“कोणता ट्रक?”

“तुम्ही भाकरीसकट पडलात तो.”

सासूबाईंनी त्यांना नीट निरखलं. “म्हणजे आयकत होता?”

“एका कानानं.”

त्यांनी मांडीखालची घडी काढली, उलगडली, चष्मा लावला.

“मंग दुसऱ्या कानासाठी पहिल्या पानापासून वाचते.”

राकेशनं टीव्ही बंद केला. मी वर जाऊन गॅस बंद केला.