मी सिंह नव्हे, वृश्चिक

मी वृश्चिक रास. झालं, नाव ऐकलं आणि सरकलात ना मागे? सरका, मला सवय आहे.

उन्हाळा सरता सरता, दिवस मावळला की आग्नेयेकडे बघा. नांगी वळवून बसलेला विंचू दिसेल आणि त्याच्या छातीत एक तांबूस तारा. ती ज्येष्ठा. ते माझं काळीज.

राशींमध्ये बदनाम मीच. कुणी मनात ठेवलं, हट्टाला पेटलं, की लोक म्हणतात, "वृश्चिकच ना!" हट्टी आहेच मी. एकदा धरलं की सोडत नाही. राग सोडत नाही, तसं माणूसही सोडत नाही. पण सिंहाचा हट्ट तो बाणा आणि माझा तो विखार. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

माझ्या जन्माची कथा ग्रीक लोक सांगत. एक शिकारी होता. पृथ्वीवरचं एकूण एक जनावर मारीन, अशी त्याची फुशारकी. तेव्हा धरणीमाता घाबरली आणि तिनं विंचवाला धाडलं. मी डंख केला तो तिच्या लेकरांसाठी, हौसेनं नाही. देवांनी दोघांनाही आभाळात बसवलं, पण समोरासमोर नाही. आजही मी उगवले की तो मावळतो. पुढं मी या देशात आले तेव्हा माझ्या वाट्याला अनुराधा आणि ज्येष्ठा ही नक्षत्रं आली. अनुराधेची देवता मित्र, म्हणजे मैत्रीचा देव. तो माझ्या पोटात राहतो, हे मात्र कुणी सांगत नाही. लोकांनी लक्षात काय ठेवलं? ज्येष्ठा नक्षत्राची सून थोरल्या दिराच्या मुळावर येते.

या एका समजुतीनं माझी मेघा जवळजवळ हातची गेली होती.

मेघा वाळूजची. घाटी दवाखान्यात जन्मली तेव्हा चंद्र माझ्या ज्येष्ठेपाशी होता. आता ती गाड्यांचे सुटे भाग तपासते. एखादा तुकडा नापास केला की साहेब आला तरी पास करत नाही. शेंद्र्याच्या शिवराजवर तिचा जीव जडला, त्याचाही तिच्यावर. घरच्यांची बोलणी झाली आणि बघण्याचा कार्यक्रम ठरला. तेव्हा मेघाची आई, सत्यभामा, हिला घाम फुटला. कारण शिवराजला थोरला भाऊ होता, राजेंद्र.

पत्रिका नसली की बोलावत्या नावावरून रास धरतात, ही आपली जुनी सोय. 'म' अक्षराची मेघा म्हणजे सिंह. सत्यभामानं तेच केलं.

संध्याकाळी पाहुणे आले. फोडणीच्या मुरमुऱ्यांची सुशीला बशांतून आली, चहा आला. शिवराजची आई भागूबाई हिनं पत्रिकेचं विचारलं.

"पत्रिका काय सापडंना बगा," सत्यभामा म्हणाली. "नावावरनं बघा की. सिंह रास हाय पोरीची."

मला इतका राग आला म्हणून सांगू! जन्मापासून जिच्या पाठीशी उभी राहिले, तिच्या घरात माझंच नाव नको? पण मी आभाळातली. मला कुठलं तोंड?

तोंड मेघाला होतं. तिनं कप खाली ठेवला.

"सिंह नाय. माझी रास वृश्चिक हाय, अन् नक्षत्र ज्येष्ठा. पत्रिका कपाटात हाय."

सत्यभामानं पदर तोंडाला लावला. शिवराज आईकडं बघत राहिला. भागूबाईचा चेहरा उतरला.

"आमचा राजेंद्र थोरला हाय," ती हळूच म्हणाली. "एवढा तरी इचार करा."

राजेंद्र सुशीला खात होता. त्यानं बशी बाजूला ठेवली. "आई, मी रोज फटफटीवर बिनहेल्मेटचा कंपनीत जातो. तवा तुला भ्या वाटत नाय. अन् या पोरीचं वाटतंय व्हय?"

"तू गप," म्हणत भागूबाई उठली. दारापर्यंत गेली, चपलेत पाय घातला आणि वळली. "पोरी, खरं बोललीस. पण सोयरीक मोडली असती मंजी?"

"मोडली असती, काकू. लई रडले असते मी. पण तुमच्या घरात रोज सकाळी उठून सिंह व्हायचं मला जमलं नसतं."

भागूबाई थोरल्या लेकाकडं वळली.

"राजेंद्रा, उद्यापासून हेल्मेट घालायचं. मी सांगते म्हणून घालायचं." आणि चप्पल काढून ती परत आत आली. "सत्यभामाबाई, साखर आणा."

तिची भीती गेली नव्हती, हे मला दिसत होतं. जाईल कशी, एवढ्या पिढ्यांची भीती ती. पण भीती मनात असतानाही तिनं पोरीच्या हातावर साखर ठेवली. मला तेवढं पुरलं.

तर माणसांनो, मला भ्यायचं असेल तर खुशाल भ्या. हट्टी म्हणा, विखारी म्हणा. फक्त माझ्या लेकींना दुसऱ्याच्या नावानं नांदायला पाठवू नका. मी धरलेलं सोडत नाही, हे तुम्हीच म्हणता ना? मग ऐका, मी त्यांना धरलंय.