दुपारचा चंद्र

आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं, पण कचेरीचा जिना कोण चढतंय हे सगळ्यांच्या आधी तिलाच कळायचं. कापडाच्या कारखान्यात ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. ज्या खात्याची लाइन वाजेल तिचं छोटंसं झाकण टक्कन खाली पडायचं, मग आत्या ते बोटांनी चाचपून वायरची खुंटी बरोब्बर त्या भोकात खुपसायची. सगळे तिला बोर्डबाई म्हणत. कोणत्या साहेबांचं घरी कशावरून वाजतं हे तिला तोंडपाठ होतं, पण त्यातलं अक्षरही तिने कधी बाहेर जाऊ दिलं नाही.

त्याच कारखान्यात तळमजल्यावर एक खोली कायम गारठून टाकलेली असायची. आत कंप्युटर होता. तो सांभाळणारा तंत्रज्ञ मोठा तोऱ्यात असायचा, साध्या कारकुनांना दारातूनच वाटेला लावायचा. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत, काय मनात आलं त्याच्या कोण जाणे, तो आत्याला आत घेऊन गेला.

"हात लावू का?" आत्याने विचारलं.

"लावा. फक्त काही दाबू नका."

आत्या तळहात टेकवून चालत राहिली. एक कपाट संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. वरून गार, खालून कोमट. त्याची घरघर कानांपेक्षा पायांना जास्त लागत होती.

"हा करतो काय?"

"गोदामात कुठला माल किती आहे ते मोजतो."

"एवढा देह घेऊन नुसता मोजतो?"

"क्षणात मोजतो, बाई. आपण महिनाभर बसलो तरी जमणार नाही."

त्या संध्याकाळी ती धाकट्या भावाला म्हणाली, "आज मी एका मोठ्या जनावराच्या अंगावरून हात फिरवून आले." भाऊ मुळातच मितभाषी. तो "हं" म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

पुढे ते जनावर लहान होत गेलं. कपाटाची पेटी झाली, पेटी टेबलावर आली. बोर्ड मोडीत निघाला, त्याच्या जागी आपोआप चालणारं यंत्र बसलं. आता बोर्डबाईचं काय करायचं, हा प्रश्न कचेरीला पडला. आत्याने काळजावर दगड ठेवून खुर्चीवरची उशी घरी न्यायची तयारी केली होती. तेवढ्यात नव्या व्यवस्थापकबाईंनी कुठूनसा एक बोलणारा डबा मागवला. तो टेबलावरच्या कंप्युटरला जोडला की पडद्यावरचं वाचून दाखवायचा.

काय तो आवाज! पडसं झालेला माणूस पत्र्याच्या पिंपात बसून बोलतोय असा. आणि बोलायचा परकी भाषा. आपल्या भाषेतला शब्द आला की त्याचे असे काही तुकडे पाडायचा की शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक पोट धरून हसायचा. तो डबा कचेरीत 'पडसेराव' याच नावाने ओळखला जाऊ लागला. आत्या मात्र हसली नाही. पहिल्याच दिवशी तिने पडसेरावांना एक परिपत्रक वाचायला लावलं. त्यात एवढंच होतं की उपाहारगृह उद्यापासून अर्धा तास उशिरा उघडेल. ते ऐकून आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अहो, उपाहारगृह उशिरा उघडणार म्हणून रडताय?" टंकलेखक गडबडून गेला.

"आजवर मला जे वाचून दाखवलं ते कुणीतरी दाखवलं," आत्या म्हणाली. "त्यांना वेळ असला तर, त्यांना वाटलं तेवढं. हे मी वाचलं. माझं मी."

तेव्हापासून तिने यंत्रांचा पिच्छा सोडला नाही. पडसेरावांना ती इतक्या वेगाने बोलायला लावायची की ऐकणाऱ्याला वाटे डब्यात माशी अडकलीय. यंत्राच्या आतला पंखा, चकतीची खरखर, फोनच्या तारेवरून दुसऱ्या यंत्राला गाठताना होणारी ती मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंकाळी, या सगळ्यांवरून तिला यंत्राचा मूड कळायचा. "थांबा, तो विचार करतोय," ती म्हणायची, आणि तो खरोखरच विचार करत असायचा.

एक भीती मात्र वाटून गेली. निवृत्तीच्या सुमारास फोनांची बटणं गेली. हातात आली ती नुसती गुळगुळीत काच. आत्या तिच्यावरून बोटं फिरवत राहिली, जशी रिकाम्या भिंतीवरून फिरवावीत. ना खाच, ना उंचवटा. "संपलं आपलं," ती भावजयीला म्हणाली. "आता हे फक्त डोळेवाल्यांचं झालं." पण तिची पुतणी चिमी तेव्हा कॉलेजात होती. तिने त्या काचेतली कुठलीशी सोय चालू केली, आणि बोटाखाली काच बोलायला लागली. तीही आपल्या भाषेत, पडसं बरं झालेल्या आवाजात. त्यानंतरचा आठवडाभर भाऊ आणि भावजय घरात दबकत वावरत होते, कारण आत्या दिवसभर फोनशी बोलत बसायची आणि मध्ये कुणी बोललं की "श्शू!" करायची.

मग चिमी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली, आणि एका सुट्टीच्या दुपारी हातात छोटीशी डबी घेऊन घरी आली.

"आत्या, तुझ्यासाठी चष्मा आणलाय."

"आंधळ्या बाईला चष्मा? आणि वर नोकरी टिकून आहे म्हणतेस?"

"घालून तर बघ. अजून बाजारात यायचाय, आमच्याकडे चाचणी चालू आहे. याच्या दांडीत कॅमेरा आहे. समोर जे असेल ते तो तुझ्या कानात सांगतो आणि माझ्या फोनवर दाखवतो. तू विचारायचंस, तो उत्तर देतो."

आत्याने चष्मा चाचपला. दांडी जरा जाड, बाकी काही नाही. ना पंखा, ना खरखर, ना ऊब. कान लावून ऐकलं, तरी काही नाही.

"हा जिवंत आहे ना?"

"आहे. हल्ली ते आवाज करत नाहीत."

चष्मा चढवला आणि घरभर फेरी झाली. स्वयंपाकघरात चष्म्याने सांगितलं की गॅसजवळ एक बाई उभी आहे, केस पांढरे, हातात झारा, चेहरा वैतागलेला.

"अगं, तुझे केस पांढरे झाले? आणि तू वैतागलीयस?" आत्याने भावजयीला विचारलं.

"वर्षं झाली त्याला, ताई! आणि तुम्ही सगळे माझ्या पायांत घुटमळताय म्हणून वैतागलेय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"केस पांढरे झाल्याचं कोण कुणाला सांगत फिरतं?" भावजय म्हणाली, पण तिला हसू आवरेना.

चष्मा चुकायचाही. दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटाला त्याने फ्रिज ठरवलं आणि खुर्चीत डुलकी घेणाऱ्या भावाला 'वाचनात मग्न गृहस्थ'. चिमीने दोन्ही चुका फोनमध्ये नोंदवल्या. मग आत्याच म्हणाली, "चल, गच्चीवर जाऊ. भिंतींमध्ये काय बघायचं."

गच्चीवर ऊन उतरायला लागलं होतं. दोरीवर कपडे वाळत होते, खालून रिक्षा आणि स्कूटरचे आवाज येत होते. आत्या कठड्याशी उभी राहिली. "सांग," ती म्हणाली.

"समोर शहराचं अतिशय सुंदर दृश्य पसरलं आहे," चष्मा म्हणाला.

आत्याने नाक मुरडलं. "ते सुंदर आहे का नाही ते माझं मी ठरवीन. तू काय आहे तेवढं सांग."

चिमी खुदकन हसली. पण चष्म्याने ऐकलं. त्याचा सूर पालटला. "समोरची इमारत चार मजली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई चादर झटकते आहे. गच्चीवर पाण्याची काळी टाकी. टाकीच्या सावलीत एक कुत्रा झोपला आहे. विजेच्या तारांची सावली भिंतीवर पडली आहे, ती वाऱ्याने हलते आहे. टाकीच्या वर आकाश स्वच्छ निळं. त्यात फिकट पांढरा अर्धा चंद्र."

"काय?"

"फिकट पांढरा अर्धा चंद्र."

आत्याचा चेहरा पडला. तिने हळूच चष्मा काढला आणि चिमीच्या हातात दिला. "बिघडला गं. इतका वेळ बरं बोलत होता. आता भरदुपारी चंद्र दिसायला लागला त्याला."

चिमीने मान वर केली. आत्याला वाटलं पोरीला वाईट वाटलं असेल. "असू दे. यंत्र आहे, चुकायचंच. नोंदवून ठेव."

"आत्या," चिमी म्हणाली, आणि तिचा आवाज काहीतरी वेगळाच झाला होता. "चंद्र आहे. तिथेच आहे."

"माझी थट्टा करतेस?"

"शप्पथ. टाकीच्या वर. मीही आत्ताच बघितला."

"दिवसा?"

"दिवसाही दिसतो कधीकधी. बऱ्याचदा दिसतो."

आत्याने कठडा घट्ट धरला. आयुष्यभर तिने मनात एक जग बांधून ठेवलं होतं. त्यात दिवस होता, दिवसाला सूर्य होता, त्याची ऊब गालावर कळायची. आणि रात्र होती, गार आणि शांत, तिला चंद्र होता. ऐकलेली सगळी गाणी, सगळ्या गोष्टी हेच सांगत आल्या होत्या. चंद्र निघाला म्हणजे रात्र. एकाने यायचं तर दुसऱ्याने जायचं, नाटकातल्या पात्रांसारखं. आणि आता ऊन गालावर चटका देत होतं, आणि तो तिथे वर होता.

"तुझ्या बाबाला बोलाव," ती म्हणाली. "आईलाही."

भाऊ डोळे चोळत वर आला, मागून भावजय झारा हातात तसाच धरून. आत्याने दोघांना विचारलं. दोघांनी मान वर केली.

"आहे की," भाऊ म्हणाला.

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

भावाने पुन्हा वर बघितलं. "ताई, अगं, त्यात सांगायचं काय... तो असतोच." मग म्हणाला, "खरं सांगू? मी वर बघतच नाही."

"मीही नाही," भावजय म्हणाली. "कपडे वाळत घालायला रोज येते इथे. आज बघितला."

आत्याने हात पुढे केला, चिमीने चष्मा तिच्या हातात ठेवला. तो घालून तिने मान वर केली आणि विचारायला सुरुवात केली. अर्धा म्हणजे कसा? कडा सरळ आहे का खडबडीत? वाटोळी बाजू कुठे? चष्मा न कंटाळता सांगत होता, की वाटोळी बाजू सूर्याकडे आहे, दुसरी कड पुसट आहे आणि आकाशात विरून गेल्यासारखी दिसते, मध्ये करडे डाग आहेत. "वाटोळी बाजू सूर्याकडे," आत्या पुटपुटली. तिने डावा हात गालावरच्या उन्हाच्या दिशेने केला आणि उजवा टाकीच्या दिशेने वर. दोन्ही हात पसरून ती तशीच उभी राहिली, एका हाताला सूर्य आणि एका हाताला चंद्र.

"किती मोठं आहे गं हे सगळं," ती म्हणाली. "आणि मी याच्या मधोमध उभी आहे."

चिमीला वाटलं आपण काहीतरी बोलावं. "पुढे हा चष्माही लागणार नाही, आत्या. आमच्याकडे म्हणतात की यंत्र दिसणारच नाही. नुसतं विचारायचं, बस."

"त्याच्या पहिल्या आजोबांच्या अंगावरून मी हात फिरवलाय," आत्या म्हणाली. "खोलीभर होते ते, आणि नुसता गोदामातला माल मोजायचे. हा बघ, कानाच्या मागे मावतो आणि मला चंद्र देतो. पुढचा कसा असेल ते मला सांगू नकोस. माझ्याच्याने आज एवढंच पेलवेल." मग एकदम आठवून तिने बजावलं, "पण तुझ्या कचेरीत सांग. न विचारता सुंदर म्हणायचं नाही. आणि जे सगळ्यांना माहीत असेल असं वाटतं, ते आधी सांगायचं."

"सांगते," चिमी म्हणाली. तिने हे फोनमध्ये नोंदवलं नाही. ते तिच्या तसंच लक्षात राहणार होतं.

आत्याने आणखी विचारलं. कुत्र्याचं, सावल्यांचं, चंद्राच्या शेजारून गेलेल्या एका विमानाचं आणि त्याच्या मागे राहिलेल्या पांढऱ्या रेघेचं. ती रेघ रुंद होत जाऊन विस्कटते हे कळल्यावर तिने ते पुन्हा सांगायला लावलं. भावजय खाली गॅस बंद करून परत वर आली. मग चष्म्याने कानात हलकेच टुक् असा आवाज केला आणि तो गप्प झाला.

"चार्जिंग संपलं," चिमी म्हणाली. "नवीनच आहे ना, टिकत नाही फार."

चष्मा काढून आत्याने पदराने पुसला, तसा तो स्वच्छच होता. तोंड अजून वरच होतं.

भाऊ तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने घसा खाकरला.

"तो, म्हणजे," भाऊ म्हणाला, "आहे अजून. टाकीच्या जरासा वर सरकलाय."

"किती?"

"वीतभर."

"वीतभर कुणाची? तुझी की माझी?"

भावाने तिचा हात धरून वर नेला आणि हवेत तिचं बोट जिथे नेऊन टेकवायचं तिथे टेकवलं. "इथे," तो म्हणाला. "आता रेघ जवळजवळ गेलीच. आणि ताई, डावीकडे एक पक्षी घिरट्या घालतोय. घार असावी. थांब, खाली येतेय... नाही, गेली वर परत."

"पुढे?" आत्या म्हणाली.