केबलवर जळणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना जंप स्टार्टर आहे. गाडीची बॅटरी उतरली, की तिला जोर देऊन इंजिन सुरू करून देणारा विटेएवढा डबा. आता निकामी झालोय. माझी गोष्ट सांगतो, पण आधीच कबूल करतो, की मी मत्सरी आहे. सोशिक, गुणी डब्याची गोष्ट हवी असेल, तर दुसरीकडे जा बुवा.

मी जिच्यावर आयुष्यभर जळलो ती होती केबलची एक जुनाट जोडी. एक लाल, एक काळी. स्वतःच्या पोटात विजेचा थेंब नाही! दुसऱ्याच्या गाडीतून घ्यायची आणि आपल्या गाडीला द्यायची, एवढंच तिचं काम. आणि तरी मान मात्र तिलाच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. खोक्यात बंद होऊन मी एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात पोचलो. ब्राझीलशेजारच्या देशातलं, चार हजार मीटर उंचीवरचं हे गाव. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं असतं, मग बॅटऱ्यांचे हाल काय विचारता!

तिथे प्रिमितिवा तार्की आली, तिला सगळे मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणतात. तिचा नवरा आन्सेल्मो मिनीबस चालवतो. विकणारीने, इथे गिऱ्हाइकाला लाडाने म्हणतात तसं 'कासेरा' म्हणत, तिच्यापुढे एक चकचकीत डबा धरला.

"हा घ्या कासेरा, बघा तरी ताकदीचा केवढा आकडा लिहिलाय!"

प्रिमितिवाने तो हातावर तोलला. "आकडा बैलाचा आणि वजन कोंबडीचं. मला काय खुळी समजलात? अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, गाडी उघड्यावर उभी असते. तिला पुरेल असा दाखवा. चिमटे जाड हवेत."

मग मी पुढे आलो. वजनदार, जाड चिमट्यांचा.

"चिमटे उलटे लागले तर?"

"तर हा ओरडतो, वीज सोडतच नाही," विकणारी म्हणाली आणि तिने मला ओरडायला लावून दाखवलं.

"आणि शेजारच्यांची गाडी लागत नाही ना?"

"कुणाचीच गरज नाही, कासेरा."

"मग हाच द्या," प्रिमितिवा म्हणाली. घासाघीसही केली नाही.

एवढी घाई कशाला, ते मला घरी कळलं. शेजारी इलारिया राहायची. तीही मिनीबस चालवायची. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी शिवणकामासाठी ब्राझीलला गेला तो गेलाच. आन्सेल्मोची बॅटरी थंडीत बसली, की तो केबल खांद्यावर टाकून इलारियाचं दार वाजवायचा. दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहायच्या, दहा मिनिटं वीज वाहायची आणि तेवढ्यात इलारिया जांभळ्या मक्याची गरम आपी प्यायला आणायची. प्रिमितिवा खिडकीतून बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"हे घे," तिने मला नवऱ्याच्या हातात कोंबलं. "उद्यापासून तिच्या दारात जायचं नाही."

"अगं प्रिमि, केबल आहे की आपल्याकडे!"

"केबल आहे म्हणूनच तर!"

दुसऱ्याच दिवशी मी करून दाखवलं. लाल चिमटा बॅटरीच्या लाल टोकाला, काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, माझं बटण दाबलं, किल्ली तीन सेकंद फिरवली आणि गाडी गुरगुरायला लागली. "वा रे पठ्ठ्या!" आन्सेल्मो म्हणाला. केबल अडगळीत गेली. काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी मी फुगून दुप्पट झालो होतो!

पण ते सुख टिकलं नाही. माझं काम अर्ध्या मिनिटात संपायचं आणि मी सीटखाली जायचो. केबल मात्र गल्लीत मागून नेली जायची. "आन्सेल्मो, दे रे तुझी केबल!" म्हणत कुणी ना कुणी यायचंच. रविवारी आन्सेल्मो तिला फडक्याने पुसून गुंडाळून ठेवायचा. मला कधी पुसलं? नाव नको! एकदा तर तो उसासा टाकून म्हणाला, "केबल होती तेव्हा चार माणसं भेटायची." माझ्या पोटात कसं दुखलं म्हणून सांगू.

प्रिमितिवाही कुठे सुखी होती! नवरा आता शेजारी जात नव्हता, तरी तिचे कान त्या भिंतीलाच. पण ती मला आठवणीने चार्ज करायची. आम्ही दोघं एकाच दुखण्याचे रोगी.

असे आठ महिने गेले आणि कार्निव्हलचा मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे चाल्या करतात. धरणीमायचे आभार मानून घराला, गाडीला, हत्यारांना कागदी माळा घालायच्या आणि बिअर शिंपडायची. गाडीचा रेडिओ दिवसभर मोठ्याने वाजत होता. आन्सेल्मोने सगळ्यांत आधी केबलला माळ घातली आणि तिच्यावर बिअर शिंपडली. मी बघत होतो. आणि मला? मला कुणी घरातलं मानतच नाही की काय?

प्रिमितिवाला राहवलं नाही. तिने चार्जिंगवरून मला काढलं, बॉनेटवर ठेवलं आणि दोन माळा घातल्या. "याने माझं घर राखलं," ती म्हणाली आणि शिंपडत बसली नाही, अख्खा ग्लास माझ्यावर ओतला. माझ्या छिद्रांवरचं रबरी झाकण उघडंच होतं. फेस थेट पोटात गेला. मी एकदा ओरडलो, आणि सगळ्यांना वाटलं, खूश झालाय! केबल पण बिअर प्यायली, तिला काही म्हणजे काही झालं नाही. ही कुठली रीत झाली?

बुधवारी सकाळी रेडिओने बॅटरी पार पिऊन टाकलेली. सहाची पहिली फेरी आन्सेल्मोची होती. माझं बटण दाबलं. मी गप्प.

आन्सेल्मोने कालच्या पिण्याने ठणकणारं डोकं धरलं. "केबल घेऊन जाऊ का इलारियाकडे?"

"तू बस. मी जाते," प्रिमितिवा म्हणाली.

मला तिने गाडीत पुढच्या काचेशी टाकलं होतं, माळांसकट. तिथून मी सगळं पाहिलं. इलारियाने आपली गाडी समोर आणून लावली, मुकाट्याने चिमटे जोडले आणि आपीचा ग्लास प्रिमितिवाच्या हातात दिला. वीज वाहत होती.

शेवटी प्रिमितिवाने तोंड उघडलंच. "स्पष्ट विचारते. माझ्या नवऱ्याशी एवढं काय बोलायचात?"

"मी कुठे बोलायचे! तेच बोलायचे. प्रिमि आज रागावली, प्रिमिने हे केलं, प्रिमि असं म्हणाली. तुमच्याशिवाय दुसरा विषय नाही त्या माणसाला." इलारिया हसली, मग हसू ओसरलं. "खरं सांगू? ऐकून मला तुमचा फार हेवा वाटायचा. वाटायचं, उद्या दार उघडूच नये. पण माझं दार वाजवणारं दुसरं होतं कोण? आठ महिने झाले, दोन्या प्रिमितिवा. तुमच्याकडे तो डबा आल्यापासून या दाराला कुणी हात लावलेला नाही."

प्रिमितिवाने आपीचा एक मोठा घोट घेतला. डोळे भरले होते तिचे. मग नाक ओढून म्हणाली, "साखर फार घालता हो तुम्ही. उद्या मी करून आणते, मग बघा."

"बघू की," इलारिया म्हणाली.

गाडी सुरू झाली. तरी चिमटे काढायचं भान दोघींनाही नव्हतं. आन्सेल्मोने दारातून हाक मारली, "अगं फेरी जाईल!" तेव्हा कुठे चिमटे निघाले.

दुरुस्तीवाल्याने मला उघडून मान हलवली. आन्सेल्मोने नवीन डबा घेऊ का विचारलं, तर प्रिमितिवा म्हणाली, "काही नको, केबल आहे." ऐकलंत? तिने, तिने म्हटलं!

तर मित्रांनो, मला किंवा माझ्या भावंडांना घ्याल तेव्हा आपलं इंजिन बघून घ्या, नुसत्या आकड्याला भुलू नका. वापर नसला तरी दर तीन महिन्यांनी चार्ज करा. उन्हात आणि गोठवणाऱ्या थंडीत गाडीत टाकून ठेवू नका. झाकण घट्ट लावा, आणि कितीही प्रेम आलं तरी बिअर ओतू नका. आणि आम्ही घरात असलो, तरी शेजारचं दार अधूनमधून वाजवत जा. हे मी सांगतोय, त्या केबलची बाजू घेऊन. किती जड जातंय, ते माझं मला माहीत!